'नवजीवन' उलटसुलट सारखाच, मग प्रोग्रॅम नाही का म्हणतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी जवळ आली की ठाण्यात राम मारुती रोडवर आणि खाडीपलीकडे वाशीत मुलांच्या कोडिंग क्लासच्या जाहिराती दिसू लागतात. मुलांनी पायथन (संगणकाला सूचना देण्याची एक भाषा) जरूर शिकावे. मी नौपाड्यात मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांना ते शिकवते. आज फक्त एका धड्याबद्दल लिहायचे आहे, तो म्हणजे स्ट्रिंगचा.

अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे स्ट्रिंग. त्याची लांबी मोजायची, हवा तो तुकडा काढायचा, तो उलटा करून पाहायचा, एवढाच हा धडा. पण इतर क्लासमधून आलेल्या मुलांच्या वह्या मी पाहते, तेव्हा त्यांत 'हॅलो', 'अ‍ॅपल' आणि 'मॅडम' एवढेच शब्द असतात. मराठी शब्द एकही नाही. तो असायलाच हवा, आणि पहिल्याच आठवड्यात हवा.

'मॅडम' हा शब्द इंग्रजीत उलटा लिहिला तरी तोच राहतो, म्हणून प्रत्येक क्लासमध्ये तो भेटतो. आपल्याकडे 'कडक', 'नयन', 'जहाज', 'नवजीवन' आहेत, 'रामाला भाला मारा' हे तर लहान मुलांनाही पाठ असते. हेच शब्द पायथनला द्या. 'कडक' आणि 'नयन' बरोबर येतात. 'जहाज' मात्र उलटून 'जाहज' होतो आणि 'नवजीवन'चे 'नवीजवन' होते. प्रोग्रॅम सांगतो की हे शब्द उलटसुलट सारखे नाहीत. वर्गातली सगळी मुले ठामपणे म्हणतात की आहेत, आणि मुलांचेच बरोबर असते.

कारण सोपे आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या तक्त्यात, देवनागरीच्या मुख्य विभागात 128 जागा आहेत. त्यात 'ठ'चा क्रमांक 2336. पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, इतकेच काय अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, या प्रत्येकालाही स्वतंत्र क्रमांक आहे. पायथन हे क्रमांक मोजतो. म्हणून 'ठाणे' आपल्याला दोन अक्षरी, त्याला चार. शब्द उलटताना काना आपल्या 'ह'ला सोडून शेजारच्या 'ज'ला जाऊन चिकटतो.

यातून खरी अडचण कुठे होते, तेही सांगते. मजकुरात फक्त अक्षरेच आहेत ना, हे तपासणारी तयार सोय पायथनमध्ये आहे. ती काना-मात्रांना अक्षर मानत नाही. नावाच्या रकान्याला ही अट लावली की 'गगन' पास होतो आणि 'राधा' नापास. नावांची यादी वर्णक्रमाने लावायला सांगितली, तर 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात, कारण युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' टाइप करण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. पडद्यावर तो सारखाच दिसतो, पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असे नाही. आज वर्गात बसलेली मुलेच उद्या ग्रंथालयांच्या याद्या आणि ऑनलाइन अर्ज तयार करणार आहेत.

नवशिक्यांना हे जड जाईल, असे काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांनी बाराखडी गिरवली आहे, त्यांना काना वेगळा आणि अक्षर वेगळे हे समजावून सांगावेच लागत नाही. उपायही नवशिक्याच्या आवाक्यातला आहे. स्ट्रिंगमधून एकेक चिन्ह घ्यायचे. ते काना-मात्रा-अनुस्वारासारखे असेल तर आधीच्या अक्षराला जोडायचे. आधीच्या अक्षराचा पाय मोडलेला असेल तरीही जोडायचे. नाहीतर नवे अक्षर सुरू करायचे. कोणते चिन्ह कोणत्या जातीचे, ते सांगणारे मोड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, पायथनसोबतच येते. आठ-दहा ओळींत काम होते. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे), अट, यादी आणि जोडणी असे सगळे त्यात येते आणि 'नवजीवन' उलटूनही 'नवजीवन'च राहतो! हा निकाल पडद्यावर आला की मुले ज्या उत्साहाने पुढचा शब्द टाकतात, तो 'अ‍ॅपल'ची लांबी पाच आल्यावर मी कधी पाहिलेला नाही.

पुढचा स्वाध्याय मी अभंगाचा देते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. दिलेला चरण या मापात बसतो का, हे प्रोग्रॅमने सांगायचे. जोडाक्षर एकच धरायचे, हे मराठीच्या बाईंनी शिकवलेले असतेच. ते इथे उपयोगी पडते.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शाळांतील संगणक शिक्षकांना आणि खासगी क्लासचालकांना माझी विनंती आहे की स्ट्रिंगच्या धड्यात निदान निम्मी उदाहरणे मराठी घ्यावीत. आपल्या दैनिकाची मुलांची पुरवणी निघत असेल, तर तिच्यात दर आठवड्याला एक मराठी शब्द आणि त्याच्यावरचे एक छोटे प्रोग्रॅमिंगचे कोडे छापता येईल का? सुरुवातीची कोडी मी आनंदाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक प्रोग्रॅमिंग शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)