इतवारीतल्या पाकीटवाल्या काकांना थँक्यू

काका, नमस्कार. तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित पण माझा पोट्टा नक्की आठवेल, पॅकिंगची पाकिटं घ्यायला माझ्यासोबत नागपूरच्या इतवारी बाजारात आलेला, तोंड फुगवून स्टुलावर बसलेला.

माझा घरचा वाळवणाचा धंदा आहे. कुरोड्या, धापोडे, मुंगवड्या, सरगुंडे. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन 45 च्या घरात जातं, तेच आमचं मशीन. पण पोराला यात काडीचा इंटरेस्ट नव्हता, मित्रांसमोर आई पापड विकते म्हणायची लाज वाटायची त्याला. लोकांचे सल्ले तर विचारूच नका. एका क्लासवाल्यांनी मुलांना उद्योजक बनवतो म्हणून फी घेतली आणि टाळ्या वाजवायला शिकवून परत पाठवलं. नातेवाईकांचं वेगळंच, काहून राबवते लेकराला, शिकू दे ना त्याला. अरे बावा, 2016 साली बालकामगार कायद्यात बदल झाला, त्यातसुद्धा शाळा सुटल्यावर नाहीतर सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावायची मुभा आहे, धोक्याचं काम सोडून. आणि उकळत्या चिकाच्या गंजाजवळ मी त्याला कधी उभं पण करत नाही. ज्यांनी एक पाकीट विकत घेतलं नाही कधी, त्यांनाच सगळी काळजी.

तर त्या दिवशी तुम्ही सॅम्पलचं कुरोडीचं पाकीट बघितलं आणि मला न विचारता त्याला विचारलं, काय भाव मालक? तो माझ्याकडे बघायला लागला तर तुम्ही म्हणाले, आईकडे काय बघतो, धंदा तुमच्या घरचा आहे ना. त्याने कसाबसा भाव सांगितला. मी म्हटलं काका राहू द्या, असंच घ्या, तर तुम्ही ऐकलं नाही, पैसे त्याच्या हातात मोजून दिले आणि म्हणाले, बिल?

बिलबुक कुठलं आमच्याकडे. तुम्हीच पुठ्ठ्याचा तुकडा फाडून दिला, त्यावर त्याने वाकड्या अक्षरात लिहिलं, कुरोडी 1 पाकीट. तुम्ही चष्मा वर करून वाचलं आणि परत केलं. तारीख टाक, बिना तारखेचं बिल म्हणजे नुसता कागद. त्याने तारीख टाकली, सही केली, आणि मग तुम्ही तो पुठ्ठा काउंटरवरच्या तारेत खोचला, जिथे बाकी सगळ्या व्यापाऱ्यांची बिलं खोचलेली असतात तिथेच. हसले नाही, शाबास वगैरे पण म्हटलं नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

काका, ते खोचणं पोराच्या डोक्यात बसलं. परतताना गाडीवर मागून विचारून राहिला, आई आपल्याला एका पाकिटात सुटतं किती? मला तोंडी सांगता येईना मग घरी येऊन दोघं हिशोबाला बसलो, गहू, गॅस, पाकीट, स्टिकर सगळं धरून. आता वही त्याची आहे. पावशेरची पाकिटं करू, एकटे राहणारे लोक अर्धा किलो घेत नाहीत, हे त्याचंच डोकं, आणि खपतात खरंच. फोनवरचे पैसे आले का नाही ते तोच वहीशी जुळवतो. लेबलवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर पाठ आहे त्याला, पाढे विचारले तर मात्र अडखळतो. दर पाकिटामागे त्याचा वाटा ठरवला आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडाचा बैल घरोघरी फिरवून बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मिळतात ते चार दिवसांत उडवतो, या पैशाला मात्र हात लावू देत नाही कोणाला. कधी कधी कंटाळतो, तेव्हा मी जबरदस्ती करत नाही, जाऊ देते क्रिकेटला.

तुमच्यासारखी माणसं या बाजारात अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. होलसेलची एवढी गर्दी, हमालांची आरडाओरड, त्यात शंभर पाकिटं घेणाऱ्या बाईच्या पोराला मालक म्हणायला तुम्हाला काय गरज होती? लेकराशी मोठ्या माणसासारखं बोलायला पैसे लागत नाहीत, तरी किती जणांना जमतं ते.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत शेवटचा घाणा काढायचा आहे, म्हणून या रविवारी येतो. पावशेरची पाकिटं काढून ठेवा, आणि सीलिंग मशीनची पट्टी जळली आहे तीही लागेल. भाव पोट्टाच करणार आहे, फार कमी करू नका, सवय लागेल त्याला.