भारतीय रग्बीचे दोन गुण कुठे जातात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय रग्बी संघाबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते दोनच प्रसंगी: पदक मिळाले तर, नाहीतर दणकून हरलो तर. पदक मिळाले की कौतुकाचा वर्षाव होतो. हरलो की 'अंगापिंडाने कमी पडलो' असे म्हणून सगळे गप्प बसतात. दोन्ही वेळा खेळ बाजूलाच राहतो. महिला संघाचे गेल्या काही वर्षांतले तीन निकाल शेजारी शेजारी ठेवले, तर दुखणे नेमके कुठे आहे ते दिसते. त्यावरचा उपायही आपल्या आवाक्यातला आहे, म्हणून हे पत्र.

पहिला निकाल काठमांडूचा, ऑक्टोबर २०२४ मधला. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांची रग्बी; तिच्या आशियाई सेव्हन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात फिलिपिन्सने भारताला ७–५ असे हरवले. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो, त्याचे ५ गुण. ट्रायनंतर कन्व्हर्जनची किक मिळते. ती दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून गेली तर आणखी २ गुण. आता आकड्याकडे पुन्हा पाहा. आपल्या मुलींनी एक ट्राय केला, त्यांनीही ७ गुण एकाच ट्रायवर मिळवले. पळणे, पास, टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे) या सगळ्यांत बरोबरी झाली. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फरक राहिला तो एका किकचा.

दुसरा निकाल हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचा, सप्टेंबर २०२३ मधला. तिथे हाँगकाँगने आपल्याला ३८–० आणि जपानने ४५–० असे हरवले. पुढे जपानने रौप्य घेतले आणि हाँगकाँगने कांस्य, तेव्हा हरण्यात आश्चर्य नव्हते. पण चौदा मिनिटांच्या सामन्यात ४५ गुण कसे होतात, हे समजून घेतले पाहिजे. पंधरा जणांच्या रग्बीत ज्याच्यावर गुण झाले तो संघ किक-ऑफ करतो, म्हणजे किक मारून खेळ पुन्हा सुरू करतो. सेव्हन्समध्ये उलटे असते. ज्याने गुण केले तोच किक-ऑफ करतो आणि चेंडू समोरच्या संघाकडे येतो. वरवर पाहता हा नियम हरणाऱ्याच्या बाजूचा वाटतो. पण उंच मारलेला तो चेंडू तुम्हाला झेलताच आला नाही, तर तुम्ही सामनाभर चेंडूविना राहता. ४५ गुणांसाठी किमान सात ट्राय लागतात. म्हणजे सात वेळा गुण गेले आणि जवळजवळ तितक्याच वेळा उंच चेंडू आपल्या डोक्यावर आला. तो झेल हातात राहिला असता तर सामना तरीही गेला असता, पण फरक निम्म्यावर आला असता, असे आमचे ठाम मत आहे.

तिसरा निकाल आनंदाचा आहे. पंधरा जणींच्या रग्बीत आपला महिला संघ २०१८ मध्ये पहिल्यांदा उतरला आणि जून २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला २१–१९ असे हरवून त्याने पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. शेवटच्या मिनिटांत सुमित्रा नायकने पेनल्टीची किक साधली आणि त्या ३ गुणांवर सामना आपला झाला.

जिंकलो तोही किकवर, दोन गुणांनी हरलो तोही किकवर, आणि ४५ गुण खाल्ले ते किक झेलता न आल्याने वाढत गेले. आपल्याकडे रग्बीसाठी मुले-मुली निवडताना वेग पाहतात, दम पाहतात, अंगाला भिडण्याची तयारी पाहतात. पायात किक आहे का, हे शेवटी पाहतात किंवा पाहतच नाहीत.

सेव्हन्समधली कन्व्हर्जन ही ड्रॉप-किक असते. पंधराच्या रग्बीसारखा चेंडू स्टँडवर ठेवून निवांत मारता येत नाही. ट्राय झाल्यापासून ३० सेकंदांच्या आत ती मारावी लागते आणि घड्याळ चालूच असते. आताच साठ-सत्तर मीटर धावून आलेल्या, छाती भात्यासारखी हलत असलेल्या खेळाडूला ते करायचे असते. चेंडू दोन्ही हातांत उभा धरायचा, वरचे टोक किंचित आपल्याकडे कललेले. तो वर उडवायचा नाही, सोडायचा, आणि तोही खाली वाकून, जेवढ्या कमी उंचीवरून जमेल तेवढ्या. चेंडूचे खालचे टोक जमिनीला लागून उठते त्याच क्षणी पावलाच्या वरच्या हाडाने फटका बसला पाहिजे. चेंडू छातीपासून सोडला तर तो हवेत फिरतो, पोट जमिनीला लागते आणि उसळी भलतीकडे जाते. फटका उशिरा बसला तर चेंडू उंच जातो, लांब जात नाही. लवकर बसला तर ती ड्रॉप-किकच होत नाही. चेंडूतल्या हवेचाही प्रश्न असतो. नियमाप्रमाणे दाब दर चौरस इंचाला साधारण साडेनऊ ते दहा पाउंड असावा लागतो. आपल्याकडे सरावाचे चेंडू एकतर पिचके असतात, नाहीतर दगडासारखे टणक. काँक्रीटवर घासून त्यांच्या अंगावरचे बारीक दाणे गेलेले असतात, ते वेगळेच. अशा चेंडूवर बसलेली सवय स्पर्धेतल्या नव्या चेंडूवर फसते.

महाराष्ट्राला लागू असलेली एक अडचण इथे सांगायला हवी, कारण तिची चर्चा होत नाही. मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्याचा. मैदान मऊ असते, पडले तरी लागत नाही, म्हणून बाँबे जिमखान्यापासून सगळीकडे ही रीत पडली आणि टॅकल शिकायला ती उत्तमच आहे. पण चिखलात ड्रॉप-किक शिकता येत नाही. चेंडू उसळतच नाही, रुततो. पाऊस सरला की मैदाने क्रिकेटकडे जातात. म्हणजे जमीन मऊ असते तेव्हा उसळी नसते, आणि उसळी मिळते तेव्हा मैदान नसते. ऑक्टोबर ते मे या काळात फक्त किकच्या सरावासाठी मैदानाचा एखादा कोपरा मिळाला, तरी राज्याच्या संघात फरक दिसेल. त्याला पूर्ण मैदान लागत नाही, अंगावर येणारा प्रतिस्पर्धी लागत नाही, डॉक्टर लागत नाही.

खांबांचेही तसेच आहे. बहुतेक शाळांच्या मैदानावर रग्बीचे खांब नसतात, म्हणून मुले फुटबॉलच्या गोलवर नेम धरतात. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. रग्बीत खांबांमधले अंतर ५.६ मीटर आणि आडवी दांडी ३ मीटरवर. गोल जास्त रुंद आणि जास्त बुटका, त्यामुळे त्यावर साधलेली किक सामन्यात खांबाला लागते किंवा दांडीखालून जाते. यावर तोडगा सोपा आहे. दोन उंच बांबू बरोबर ५.६ मीटरवर गाडा, ३ मीटरवर सुतळी ताणून बांधा, सुतळीला लाल कापडाची चिंधी लावा म्हणजे लांबून दिसेल. एका सकाळचे काम आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे.

सरावाची पद्धतही बदलायला हवी. ताजेतवाने असताना मारलेल्या पन्नास किकांपेक्षा दमल्यावर मारलेल्या दहा किका जास्त शिकवतात. सराव संपताना साठ मीटरची धाव, लगेच चेंडू हातात, शेजारी उभ्या मुलाने तीस आकडे मोजायचे आणि आकडे संपण्याआधी किक. पाच जागा ठरवायच्या: खांबांसमोर एक, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटरवर एकेक, दोन्ही कडांजवळ एकेक. प्रत्येक जागेवरून दोन. कोणी किती साधल्या हे वहीत तारखेसह लिहायचे. तीन महिन्यांची वही निवड समितीपुढे ठेवली तर कोणाच्या पायात किक आहे याबद्दल वाद उरत नाही.

त्याच्या जोडीला ट्राय कुठे टेकवायचा याची शिस्त हवी. किक ट्रायच्या जागेच्या सरळ रेषेतूनच घ्यावी लागते. कोपऱ्यात टेकवला तर कोन अगदी चिंचोळा होतो. मागे कोणी नसेल तर खांबांकडे वळून मधोमध टेकवणारा खेळाडू संघाला अर्धी किक मिळवून देतो. आपले खेळाडू रेषा दिसली की झेप घेतात. उत्साह समजतो, पण मोकळ्या मैदानात ती झेप महागात पडते.

आता किक-ऑफ झेलण्याविषयी. चांगल्या संघाची किक दहा मीटरची रेषा जेमतेम ओलांडते आणि तीन-साडेतीन सेकंद हवेत राहते, म्हणजे त्यांचा धावक चेंडूबरोबरच पोहोचतो. झेलणाऱ्याला दोघांनी उचलायचे असते. पुढचा मांडीला गुडघ्याच्या वर धरतो, मागचा चड्डीला धरून खालून आधार देतो. चूक होते ती उचलणाऱ्यांची. ते चेंडूकडे पाहत राहतात आणि अर्धा सेकंद आधी उचलतात. चेंडू येईपर्यंत झेलणारी खाली यायला लागलेली असते आणि चेंडू बोटांवरून जातो. उचलणाऱ्यांनी चेंडू पाहायचाच नाही, झेलणारीच्या हाकेवर उचलायचे. झेलणारीने अंग आडवे ठेवायचे, एक खांदा स्वतःच्या गोलरेषेकडे. म्हणजे चेंडू सुटलाच तर मागे पडतो आणि खेळ चालू राहतो. छाती समोर ठेवून झेलला आणि पुढे सांडला तर नॉक-ऑन. त्यावर समोरच्याला स्क्रम (खांद्याला खांदे भिडवून चेंडूसाठी रेटारेटी) मिळतो, दोन्हीकडचे तीन-तीन जण त्यात अडकतात आणि सत्तर मीटर रुंद मैदानावर उरलेल्या चौघांनी चौघांना अडवायचे असते. जपानसारख्या संघाला एवढी जागा दिली की ट्राय ठरलेलाच. एक सांडलेला झेल, वीस सेकंदांत सात गुण, आणि पुन्हा तसाच चेंडू डोक्यावर.

टॅकलबद्दल फार तक्रार नाही. कबड्डी आपल्या मातीतली, त्यामुळे खाली वाकून पाय धरणे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. फक्त एक सवय मोडावी लागते. कबड्डीत पकड करणारा चढाई करणाऱ्याला आत येऊ देतो आणि मागे ओढतो. रग्बीत वाट पाहिली की समोरचा वेग धरतो. बचावाच्या रेषेतल्या सगळ्यांनी एकदम पुढे सरकून अंतर खायचे असते. एकाने वाट पाहिली तर तिथेच भगदाड पडते.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ उतरले, चेन्नई बुल्सने विजेतेपद मिळवले. जगातले उत्तम सेव्हन्स खेळाडू आपल्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळले, याचे मोल मोठे आहे. पण राष्ट्रीय संघाच्या दृष्टीने दोन गोष्टी खटकल्या. सामना चार-चार मिनिटांच्या चार भागांत होता. आंतरराष्ट्रीय सेव्हन्समध्ये सात मिनिटे सलग खेळावी लागतात. पाचव्या मिनिटानंतर पाय जड होतात, पास मागे राहतो, टॅकल उंच जाते, आणि दमाची खरी परीक्षा तिथेच होते. चौथ्या मिनिटाला शिट्टी वाजली की ती परीक्षा होतच नाही. टीव्हीवर सामना आटोपशीर दिसतो हे खरे, पण राष्ट्रीय शिबिरात तरी सलग सात मिनिटांचेच सराव सामने व्हावेत. दुसरे म्हणजे लीग फक्त पुरुषांची होती. ज्या संघाने काठमांडूला अंतिम फेरी गाठली, ज्या वीस वर्षांखालील मुलींनी ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवले, त्या मुली बाहेर राहिल्या. पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. महाराष्ट्रातल्या मुलींसाठी ही वाट नवी नाही, तिच्यावर सामने मात्र फार कमी आहेत. महिलांचे चार संघ घेऊन त्याच मैदानावर, त्याच आठवड्यांत लीग भरवता येईल. आणि पुरुषांच्या लीगमध्ये दर सामन्यात निदान एक कन्व्हर्जन भारतीय खेळाडूनेच मारावी असा नियम करावा. नाहीतर मोक्याची किक नेहमी पाहुण्या खेळाडूकडे जाईल आणि आपला खेळाडू उभा राहून पाहील.

पुढे काय होईल, याबद्दल आम्ही भाबडे नाही. चीन, जपान, हाँगकाँग यांना महिला गटात गाठायला आपल्याला एक पिढी लागेल. तिथे शाळा-महाविद्यालयांत वर्षभर सामने होतात आणि आपल्याकडे राष्ट्रीय संघातल्या मुलीच्या वाट्यालाही कडवे सामने मोजकेच येतात. पण त्यांच्या खालच्या रांगेत, फिलिपिन्स आणि सिंगापूर यांच्या बरोबरीने, आपण आजही आहोत. राजगीरच्या मुली २०३० पर्यंत ऐन उमेदीत असतील. त्यांच्यातल्या दोघी-तिघींना आतापासून किकसाठी वेगळे घडवले, तर आशियात चौथे किंवा पाचवे स्थान हे स्वप्नरंजन ठरणार नाही. फिजीचे नामांकित सेव्हन्स खेळाडू वायसाले सेरेवी यांच्यासारख्या प्रशिक्षकाची भारतीय संघासाठी नेमणूक झाली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या पासची आणि हुलकावणीची आठवण काढली. ते खेळाडू म्हणून गुणांचे डोंगर रचत, त्यात त्यांच्या किकचा वाटा फार मोठा होता. हे आपल्या प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात सांगितले जावे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. क्रीडा पानावर रग्बीचा निकाल देताना एक ओळ वाढवा: ट्राय किती, कन्व्हर्जन किती मारल्या आणि किती साधल्या, किक-ऑफचे किती झेल हातात राहिले. सामन्याच्या चित्रफितीवरून हे मोजायला पंधरा मिनिटे लागतात. मोजून पाठवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
रग्बीचे काही नियमित प्रेक्षक,
पुणे आणि मुंबई