जमिनी "विकल्या" म्हणे!

मा. संपादक,
सा.न.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांवरचा लेख वाचला. १९२० ला सव्वानऊ लाख होते ते आता ५० हजारांच्या आत आलेत हे छापलंत, आभार. पण पुढे लेखक महाशय म्हणतात, त्यांनी जमिनी विकल्या आणि शहरात गेले. विकल्या? मेथीच्या जुड्या विकतात तशा का?

अहो तिकडे मृत्युपत्र न करता म्हातारा गेला की जमीन सगळ्या वारसांची सामायिक, मग कोणी बाहेरचा शिकागोतल्या एखाद्या पुतण्याचा हिस्सा गपचूप घेणार आणि कोर्टात वाटप मागणार, की सगळी जमीन लिलावात. कसणारा बांधावर उभा राहून बघतोय.

मला हे कळतं कारण आमच्या सातबाऱ्यावर १७ नावं आहेत. बँकेत साहेब म्हणाले सगळ्यांच्या सह्या आणा. आत्या सुरतला, एक चुलतभाऊ कुठे असतो ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. कर्ज मंजूर झालं बैलपोळ्याला! भुईमूग काय पोळ्याला पेरतात? बियाणं उधारीवर उचललं, दुकानदाराने लावलेला भाव विचारूच नका.

म्हणून तिकडच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यावर भरलेला तो पिगफर्ड खटला मला कोणी समजावून सांगायला नको. त्यांचं गाऱ्हाणं हेच, की शेजारच्या गोऱ्याचं कर्ज वेळेत आणि यांचा अर्ज टेबलावर पडून, मिळालंच तर पेरणी उलटल्यावर. आणि तक्रारी बघणारं कृषी खात्यातलं ऑफिस १९८३ लाच गुंडाळलेलं. १९९९ ला तडजोड झाली, ज्यांचे दावे मान्य झाले त्यातल्या बहुतेकांना ५० हजार डॉलर. गेलेलं रान त्यात परत येतं होय? आमची फाईल निदान रंग बघून अडवली नव्हती (काय बघून अडवली ते इथे लिहीत नाही), त्यांचं दुखणं फार मोठं आहे, मान्य.

यातलं एक अक्षर लेखात नाही, जागा मात्र कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या फोटोला अर्धं पान. कार्व्हर आमच्याही घरात पूज्य आहेत, पण पीनट बटरचा शोध त्यांनी लावला नाही हो! कापसाने मेलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी घ्या म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागले ते काम मोठं, ते एका ओळीत उरकलंत.

आपला,
एक भुईमूगवाला, ता. कराड

ता.क. पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारच्या एसटीने येते, तीही शब्दकोड्याचं पान काढून. ते कोण काढतं तेवढं बघा.