जुनापाणीहून परतल्यावर

नागपूर, रविवार रात्र

प्रिय विन्या,

तुझा मेसेज मिळाला. "काऊन बे, जिवंत हायेस का?" हो, हाये.

तू पाठवलेलं ते उत्खननाच्या बातम्यांचं पॉडकास्ट आता रोज सकाळी मोटर लावून ऐकतो. शिवगळैचा भाग ऐकता ऐकता टाकी भरून वाहिली, आईची बोलणी खाल्ली. तमिळनाडूतलं लोखंड इ.स.पू. ३३४५ पर्यंत मागे नेणारा तो निष्कर्ष, २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेला. दोघं निवेदक "जगात सगळ्यात जुनं" म्हणून नुसते नाचत होते. पण तो आकडा लोखंडाचा नाही, सोबत सापडलेल्या कोळशाचा आहे, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. कोळसा सांगतो ते लाकूड कधी वाढलं, लोखंड कधी गाळलं ते नाही. झाड तोडलं तेव्हाच ते किती म्हातारं होतं, हे कोणी विचारायचं?

आणि आपल्या पारशिवनीकडच्या नायकुंडला लोखंड गाळायची अख्खी भट्टी निघाली, तिचं नाव येईल म्हणून शेवटपर्यंत कान देऊन बसलो. छे!

म्हणून आज काटोल रोडनं जुनापाणीला गेलो. शाळेच्या सहलीत आपण तिथं डबा खाल्ला होता, आठवतं? एवढी सुमारे ३०० शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या थडग्यांभोवती मांडलेली दगडांची रिंगणं, आणि आपलं लक्ष लोणच्यावर. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं. खाली पुरलेली माणसं, त्यांच्यासोबत खंजीर, कुऱ्हाडी, लगामाच्या कड्या. जवळच्याच माहुरझरीला तर तांब्याचे दागिने घातलेले घोडेच पुरलेत.

एका धोंड्यावर ओळीनं वाटीसारखे खळगे कोरलेत. बोट घातलं, पहिलं पेर नेमकं मावलं. आत कालचं धुकं की दव, थेंबभर पाणी होतं. कोणी, किती दिवस घासत बसलं असेल लेका! शेजारीच चिप्सची रिकामी पाकिटं. ती उचलली, जास्त बोलत नाही.

तुझ्यासाठी तिथूनच आपलं पॉडकास्ट करायचं म्हणून मोबाईलवर वीस मिनिटं बोललो, घसा ताणून. घरी येऊन ऐकलं, तर निव्वळ वारा आणि मधून मधून शेळ्या. म्हणून हे पत्र.

होळीला येशील तेव्हा चांगला माईक घेऊन ये. पोहे-तर्री माझ्याकडून, पेट्रोल तुझं.

तुझाच,
बंड्या