वर्ड्‌स्वर्थचे अर्धेच वाक्य

महोदय,
कविता म्हणजे ‘उत्कट भावनांचा उत्स्फूर्त ओघ’, हे इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थचे वाक्य सूत्रसंचालकांपासून परीक्षेच्या गाइडांपर्यंत सगळीकडे फिरते, पण अर्धेच. ‘लिरिकल बॅलड्स’ या काव्यसंग्रहाच्या १८०० सालच्या प्रस्तावनेत लगेच पुढे आहे की, मोलाची कविता दीर्घ आणि खोल विचार केलेल्या माणसाच्याच हातून होते. भावना निवांतपणी आठवावी लागते, हेही तिथलेच.

त्याची डॅफोडिल्सची कविताच बघा. फुले दिसली १५ एप्रिल १८०२ रोजी, अल्सवॉटर तळ्याकाठी. सोबत बहीण डोरोथी होती. तिच्या रोजनिशीत त्या दिवसाच्या सोसाट्याच्या वाऱ्याची नोंद आहे. कवितेत मात्र तो ढगासारखा एकटा! (कल्पनाशक्ती म्हणतात ती ही.) १८०७ मध्ये छापताना तीनच कडवी होती आणि पहिल्या कडव्यात ‘नाचणारी’ हा शब्द दोनदा आला होता. १८१५ च्या आवृत्तीत फुले ‘सोनेरी’ झाली, ताऱ्यांचे कडवे वाढले. आणि एकांतात ही फुले ‘अंतर्दृष्टी’पुढे चमकतात, असे सांगणाऱ्या त्या दोन गाजलेल्या ओळी? खुद्द त्याच्याच सांगण्यानुसार, पत्नी मेरीच्या.

– एक वाचक, पुणे