भातखाचरातला युरिया जातो कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर खरिपात युरियाच्या टंचाईच्या बातम्या येतात. परंतु मिळालेल्या युरियातील किती नत्र (नायट्रोजन) भाताच्या मुळांपर्यंत पोहोचते, याची चर्चा क्वचितच होते. आमच्या मुरबाड-शहापूरकडे लावणीनंतर घोटाभर पाण्यात युरिया फेकून देण्याची पद्धत अजून रूढ आहे. अशा फेकलेल्या खतातील साधारण 30 ते 40 टक्केच नत्र पिकाला लाभते. उरलेल्याचा दोष आपण पावसाला देतो, पण त्यात मातीतील सूक्ष्मजीवांचा वाटा फार मोठा आहे.

युरियाचे काही दिवसांतच अमोनियम होते. त्यातील बराच भाग अमोनिया वायू होऊन पाण्यावरूनच उडतो. उरलेल्या अमोनियमचे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. या क्रियेतून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवरच हे जीव जगतात, त्यांना सेंद्रिय अन्न लागत नाही, हे रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवून दिले. नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, हे तर 2015 साली उघड झाले. मात्र या सर्वांना प्राणवायू लागतोच. पाणी भरलेल्या खाचरात तो मुळांच्या लगत आणि चिखलाच्या वरच्या अगदी पातळ थरातच असतो. फेकलेला युरिया नेमका त्या थरात पडतो, तिथे त्याचे नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर खालच्या प्राणवायूविरहित चिखलात उतरते. तिथले दुसरे जिवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. काही अंश नायट्रस ऑक्साइड म्हणूनही बाहेर पडतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवतो. श्रावणात पावसाने ओढ दिली, खाचर भेगाळले आणि पुन्हा भरले, की हेच चक्र नव्याने फिरते.

हे जीव आपले शत्रू आहेत, असे मात्र मुळीच नाही. भात निघाल्यावर त्याच जमिनीत उन्हाळी भेंडी लावली, तर मोकळ्या, हवेशीर मातीत बहुतांश नत्र नायट्रेटच्या रूपातच तिच्या मुळांना मिळते, ते यांच्याच कृपेने.

भातापुरता उपाय म्हणजे खत त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवणे. 2015 पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नायट्रीकरण, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होणे, काहीसे मंदावते, पण फेकलेल्या खताला तेवढे पुरत नाही. कोकणात रुजलेल्या चारसूत्री, म्हणजे चार नियमांच्या, भातलागवडीत यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे. चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) चौकोनात युरिया आणि डीएपी हे नत्र-स्फुरदाचे खत दाबून केलेली 2.7 ग्रॅमची एक गोळी, म्हणजे ब्रिकेट, लावणीच्या दिवशीच 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी 62,500, म्हणजे सुमारे 170 किलो ब्रिकेट लागतात. तेवढ्या खोलीवर प्राणवायू नसल्याने अमोनियमचे नायट्रेट होत नाही, ते चिकणमातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे ते सावकाश उचलतात. मजुरी थोडी वाढते, हे खरे. तरीही आमच्या दीड एकरात सहा हंगाम हा अनुभव घेतल्यावर मी पुन्हा युरिया फेकलेला नाही.

अडचण आहे ती ब्रिकेट वेळेवर मिळण्याची. गेल्या वर्षी आमच्या भागातील विक्रेत्याकडे त्या आल्या, तेव्हा अर्ध्याअधिक खाचरांची लावणी उरकली होती. ब्रिकेट लावणीच्याच दिवशी द्यायची असल्याने उशिरा आलेला माल त्या हंगामात वाया जातो. जिल्ह्यातील युरियाचे नियोजन करताना ब्रिकेटचा साठा आवण (लावणीची रोपे) तयार होण्याआधी, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, तालुक्यांच्या बाजारांत पोहोचवावा आणि लावणीपूर्वी गावोगावी त्या खोचण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे, अशी संबंधितांना आपल्या पत्रामार्फत कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक भातशेतकरी, ता. मुरबाड, जि. ठाणे