क्रूझ क्षेपणास्त्रेही करारात हवीत

महोदय,

पहलगाम हल्ल्यानंतर तणाव शिगेला पोहोचला असताना पाकिस्तानने ३ मे २०२५ रोजी ४५० किलोमीटर पल्ल्याच्या ‘अब्दाली’ या क्षेपणास्त्राची आणि दोनच दिवसांनी १२० किलोमीटर पल्ल्याच्या ‘फतेह’ क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, त्यांत तांत्रिक पडताळणीपेक्षा इशाऱ्याचाच भाग मोठा होता, हे उघड आहे. बॅलिस्टिक (उंच कमानीच्या मार्गाने जाऊन लक्ष्यावर कोसळणाऱ्या) क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी आणि प्रक्षेपणस्थळ सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नसावे, असे बंधन २००५ च्या भारत-पाकिस्तान कराराने दोन्ही देशांवर घातले आहे. विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र त्यातून वगळलेली आहेत. मार्च २०२२ मध्ये आपलेच क्रूझ क्षेपणास्त्र चुकून पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ कोसळले (नशिबाने जीवितहानी झाली नाही), तरीही ही पळवाट बुजवण्याची निकड दिल्लीला वा इस्लामाबादला वाटू नये, हे अनाकलनीय आहे.

– एक वाचक, पनवेल